चार वेळा सापडलेला नियम

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'प्रकाशाचे अपवर्तन' नावाचा धडा आहे. काचेचा ठोकळा, एका बाजूला दोन टाचण्या, पलीकडून काचेतून बघत त्यांच्या रेषेत लावलेल्या आणखी दोन टाचण्या, आणि मग पट्टी-कोनमापक घेऊन काढलेली आकृती. काचेत शिरताना किरण स्तंभिकेकडे वळतो, बाहेर पडताना पुन्हा मूळ दिशेला समांतर होतो. त्याखाली नियम : आपतन कोनाच्या साइनचं अपवर्तन कोनाच्या साइनशी असलेलं गुणोत्तर स्थिर असतं. यालाच स्नेलचा नियम म्हणतात. दोन गुण मिळतात आणि आपण पुढच्या धड्याकडे जातो.

हा नियम स्नेलनं कधीच छापला नाही. त्याच्या आधी वीस वर्षं लंडनजवळ एकाला तो सापडला होता, त्यानंही छापला नाही. आणि त्या दोघांच्या सहाशेहून जास्त वर्षं आधी बगदादमधल्या एका गणितज्ञाच्या आकृतीत तो स्वच्छ दिसतो. ज्यानं तो सर्वांत आधी छापला, त्याच्यावर चोरीचा आरोप झाला. पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीमागे एवढा मामला आहे. आणि तो फक्त श्रेयाचा नाही. एखादी गोष्ट 'कळली' असं केव्हा म्हणायचं, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

सोपा भाऊ

आधी परावर्तनाचं बघू, कारण ते लवकर संपतं. किरण आरशावर ज्या कोनात पडतो, त्याच कोनात परत फिरतो. कॅरम खेळताना स्ट्रायकर कडेला आपटून समोरची सोंगटी घ्यायची, तेव्हा हा नियम पाठ नसलेला मुलगाही तो वापरतो. युक्लिडच्या काळापासून, म्हणजे इसवी सनापूर्वी ३००च्या आसपासपासून, ग्रीक भूमितीकारांनी प्रकाशाचा हिशोब सरळ रेषांत मांडला होता. फक्त त्यांच्या मते किरण डोळ्यातून निघून वस्तूकडे जात. गंमत अशी की बाणाची दिशा उलटी केली तरी कोन तेच राहतात, म्हणून चुकीच्या कल्पनेवरही भूमिती बरोबर येत राहिली.

पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉननं यात एक सुंदर भर घातली. वस्तूपासून आरशापर्यंत आणि तिथून डोळ्यापर्यंत जाण्याचे मार्ग अनेक असू शकतात. त्यातला सर्वांत आखूड मार्ग कोणता? जिथे दोन्ही कोन समान आहेत तो. सिद्धता एका ओळीची आहे : आरशामागे वस्तूची प्रतिमा काढा आणि डोळ्यापासून तिच्यापर्यंत सरळ रेषा ओढा. म्हणजे 'कोन समान' हा नुसता निरीक्षणाचा नियम उरला नाही, त्याला कारण मिळालं. प्रकाश जवळची वाट धरतो.

अपवर्तनाला मात्र हे कारण लागू पडेना. पाण्यात बुडालेल्या नाण्यापासून डोळ्यापर्यंत सर्वांत आखूड वाट म्हणजे सरळ रेषा. आणि तिथेच तर प्रकाश वाकतो.

टॉलेमीचा तक्ता

दुसऱ्या शतकात, त्याच अलेक्झांड्रियात, टॉलेमी या प्रश्नाला भिडला. हा तोच, ज्याच्या पृथ्वीकेंद्री विश्वाला पुढे कोपर्निकसनं हलवलं. त्याच्या 'ऑप्टिक्स' ग्रंथाच्या पाचव्या खंडात अपवर्तनाचा प्रयोग आहे. कांस्याची गोल तबकडी, तिच्या कडेवर अंशांच्या खुणा, तबकडी मध्यापर्यंत पाण्यात उभी, आणि कडेला सरकवता येतील अशा निशाण्या. वरच्या निशाणीवरून मध्याकडे बघायचं आणि पाण्याखालची निशाणी त्याच रेषेत दिसेपर्यंत सरकवायची. आपल्या टाचण्यांच्या प्रयोगाचा हा पणजोबाच.

त्यानं दिलेले आकडे असे. हवेतला कोन १०, २०, ३०, ४०, ५०, ६०, ७०, ८० अंश असताना पाण्यातला कोन अनुक्रमे ८, १५.५, २२.५, २९, ३५, ४०.५, ४५.५ आणि ५० अंश.

आता एक काम करा. लागोपाठच्या आकड्यांची वजाबाकी करा. सुरुवातीच्या ८नंतर ७.५, ७, ६.५, ६, ५.५, ५, ४.५. प्रत्येक वेळी बरोबर अर्धा अंश कमी. खऱ्या मोजमापात असं होत नाही. हात हलतो, पाणी डुलतं, खुणा जाड असतात. आकडे थोडे इकडे, थोडे तिकडे जातात. इथे एकही आकडा रांग सोडत नाही. डेटा हाताळणाऱ्या कुणालाही हे पाहताच कळेल की इथे आकड्यांना इस्त्री केलेली आहे. टॉलेमीनं काही मोजमापं नक्की घेतली असणार; ६० अंशांसाठीचा त्याचा ४०.५ हा आकडा आजच्या हिशोबानंही बरोबर येतो. पण मग त्याला एक नीटस अंकगणिती नमुना दिसला आणि बाकीचे आकडे त्यानं त्या नमुन्यात बसवले असावेत.

कडेला हा नमुना फसतो. ८० अंशांना खरं उत्तर साधारण ४७.६ आहे, त्याचं ५०. आणि हा फरक दिसतो त्यापेक्षा गंभीर आहे. हवेतून पाण्यात शिरलेला किरण स्तंभिकेपासून साधारण ४८.६ अंशांपलीकडे जाऊच शकत नाही, तुम्ही बाहेरून कितीही तिरके या. टॉलेमीच्या तक्त्यातला शेवटचा आकडा निसर्गात अस्तित्वातच नाही.

हळहळ वाटावी अशी गोष्ट पुढे आहे. त्याच टॉलेमीनं 'अल्माजेस्ट'मध्ये वर्तुळाच्या जीवांचं, म्हणजे कॉर्डचं, बारीक कोष्टक दिलं आहे. कोनांची वजाबाकी करण्याऐवजी त्यानं त्या कोष्टकातून दुप्पट कोनांच्या जीवा काढून त्यांचा भागाकार केला असता, तर ४० ते ६० अंशांच्या पट्ट्यात त्याला १.३३च्या आसपास घुटमळणारा आकडा दिसला असता. उत्तर एका ग्रंथात होतं, प्रश्न दुसऱ्यात. दोन्ही ग्रंथ त्याचेच.

बगदादमधली आकृती

ही जीवा पुढे एक लांबचा प्रवास करते, आणि तो आपल्या घरावरून जातो. भारतीय ज्योतिर्गणितात पूर्ण जीवेऐवजी अर्धी जीवा वापरायची पद्धत रुळली. आर्यभटानं इसवी सन ४९९मध्ये लिहिलेल्या 'आर्यभटीया'त ३ अंश ४५ कलांच्या टप्प्यांनी अर्धज्यांचं कोष्टक आहे. 'ज्या' किंवा 'जीवा' म्हणजे धनुष्याची दोरी. हा शब्द अरबीत 'जीब' म्हणून गेला. अरबी लिहिताना स्वर गाळतात, त्यामुळे तो पुढे 'जैब' असा वाचला गेला. जैब म्हणजे अंगरख्याची घडी, छातीपाशी पडणारा खळगा. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी त्याच अर्थाचा 'सायनस' शब्द घातला. त्याचा साइन झाला. आपल्या भूमितीच्या पुस्तकात कॉर्डला आजही जीवाच म्हणतात. तिचीच अर्धी बहीण परदेश फिरून साइन नावानं परत आली आहे.

बगदादमध्ये दहाव्या शतकात इब्न सह्ल नावाचा गणितज्ञ होता. त्याला पडलेला प्रश्न व्यवहारी होता : सूर्याचे किरण एका बिंदूत गोळा करून लांबची वस्तू पेटवायची असेल तर आरसा किंवा भिंग कोणत्या आकाराचं हवं? इसवी सन ९८४च्या सुमाराला लिहिलेल्या त्याच्या 'जाळणाऱ्या उपकरणां'वरच्या ग्रंथात अन्वस्त आरसे आहेत आणि अपास्त पृष्ठाची भिंगं आहेत. भिंगाचा आकार काढायचा तर किरण काचेतून बाहेर पडताना नेमका किती वळतो हे ठाऊक हवं. तिथे तो एक आकृती काढतो.

ती समजायला सोपी आहे. पाण्यात नाणं आहे असं धरा. तुमची नजर पाण्याच्या पृष्ठाला एका बिंदूत छेदते. त्या बिंदूपासून नाण्याच्या खऱ्या जागेपर्यंत एक रेषा. आता तुमची नजर सरळच गेली असती तर नाण्यातून जाणाऱ्या उभ्या रेषेला ती जिथे भेटली असती, तिथपर्यंत दुसरी रेषा. पहिल्या लांबीला दुसऱ्या लांबीनं भागा. कुठूनही बघा, पाण्यासाठी उत्तर साधारण चार तृतीयांश येतं. त्रिकोणमिती वापरून लिहिलंत तर हाच आपला साइनचा नियम. इब्न सह्लनं नाण्याऐवजी स्फटिकातून जाणारा किरण घेतला आहे, पण त्रिकोण हेच आहेत आणि गुणोत्तर स्थिर धरलेलं आहे.

त्याच्यानंतरच्या पिढीत बसऱ्यात जन्मलेला आणि कैरोत राहिलेला इब्न अल-हैथम झाला. दिसणं म्हणजे डोळ्यातून किरण निघणं नव्हे, वस्तूवरून आलेला प्रकाश डोळ्यात शिरणं, हे त्यानं आपल्या 'किताब अल-मनाझिर'मध्ये प्रयोगांनिशी मांडलं. प्रकाशशास्त्राच्या इतिहासात त्या ग्रंथाची जागा फार वर आहे. पण त्यात अपवर्तनाचा विस्तृत अभ्यास असूनही इब्न सह्लचं गुणोत्तर नाही. आणि युरोपात लॅटिनमध्ये गेला तो इब्न अल-हैथमचा ग्रंथ. इब्न सह्लचा गेला नाही. त्याच्या हस्तलिखिताचे तुकडे झाले. काही पानं दमास्कसला, काही तेहरानला. इतिहासकार रुश्दी राशेद यांनी ते जुळवून १९९०मध्ये त्यावर लेख लिहिला, तेव्हा जगाला कळलं की 'स्नेलचा' नियम स्नेलच्या जन्माच्या सुमारे सहाशे वर्षं आधी कागदावर होता.

नक्कल आणि अक्कल

युरोपात काय पोचलं? टॉलेमीचा तक्ता. तेराव्या शतकात विटेलो नावाच्या विद्वानानं इब्न अल-हैथमच्या आधारानं प्रकाशावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात अपवर्तनाचे तक्ते दिले. हवेतून पाण्यात जाण्याचे आकडे टॉलेमीच्या परंपरेतले होते. पण विटेलोनं एक पाऊल पुढे टाकलं आणि पाण्यातून हवेत येण्याचेही तक्ते दिले. तेही थेट ८० अंशांपर्यंत.

पाण्यातून ८० अंशांनी वर येणारा किरण हवेत बाहेर पडतच नाही. तो पृष्ठावरून पूर्णच्या पूर्ण परत फिरतो, ज्याला आपण पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतो. पाण्यानं भरलेलं भांडं आणि दिवा घेऊन एकदा बघितलं असतं तरी हे कळलं असतं. पण आकडे रांगेत होते, ग्रंथ जाड होता, आणि पुढच्यांनी तो विश्वासानं वापरला. आलेला मजकूर न तपासता पुढे पाठवण्याची खोड आपल्या फोनबरोबर जन्मलेली नाही.

१६०४मध्ये योहानेस केप्लरनं विटेलोच्या ग्रंथाला पुरवणी म्हणून आपलं प्रकाशशास्त्र प्रसिद्ध केलं. केप्लर तोच, ज्यानं पुढे पाचच वर्षांत ग्रह लंबवर्तुळात फिरतात हे जाहीर केलं. मंगळाच्या वेड्यावाकड्या निरीक्षणांतून नियम उपसून काढणारा हा माणूस अपवर्तनापुढे हरला. त्यानं सूत्रामागून सूत्र लावून बघितलं. एकही बसेना. कारण सरळ आहे : मंगळासाठी त्याच्याकडे ट्यूको ब्राहेची प्रामाणिक निरीक्षणं होती, अपवर्तनासाठी विटेलोचा तक्ता. इस्त्री केलेल्या आकड्यांतून खरा नियम निघत नाही, केप्लर असला तरी.

मग त्याला कळलं की इंग्लंडमध्ये टॉमस हॅरियट नावाच्या माणसाकडे स्वतः घेतलेली मोजमापं आहेत. १६०६मध्ये त्यानं पत्र लिहिलं. हॅरियट १५८५मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या पहिल्या इंग्रज वसाहतीबरोबर जाऊन आलेला, तिथली भाषा शिकलेला, नकाशे काढणारा, उत्तम बीजगणिती. लंडनजवळच्या सायन हाउसमध्ये राहून त्यानं १६०१च्या सुमारास मोजमापं केली आणि त्याला साइनचा नियम सापडलाही होता. त्यानं केप्लरला वेगवेगळ्या पदार्थांचे आकडे पाठवले. नियम पाठवला नाही. प्रकृतीची सबब सांगितली. पत्रव्यवहार १६०९पर्यंत रखडत चालला आणि थांबला.

हॅरियटला सरळ कंजूष म्हणणं सोपं आहे, पण त्याचे दिवस बघा. १६०५च्या नोव्हेंबरमध्ये पार्लमेंट उडवून देण्याचा कट उघडकीला आला. हॅरियटचा आश्रयदाता, नॉर्दम्बरलंडचा अर्ल, संशयावरून टॉवर ऑफ लंडनमध्ये गेला आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं तिथेच राहिला. हॅरियटलाही काही आठवडे तुरुंग घडला. नास्तिक म्हणून त्याच्याकडे आधीपासूनच बोट दाखवलं जात होतं. १६०८च्या पत्रात तो केप्लरला लिहितो की आमच्याकडे मोकळेपणानं विचार मांडायची सोय नाही. अशा माणसानं वही मिटून ठेवली तर त्याला फार दोष देता येत नाही. १६०९च्या उन्हाळ्यात, गॅलिलिओच्या काही महिने आधी, त्यानं दुर्बिणीतून चंद्राचं चित्र काढलं. तेही छापलं नाही. १६२१मध्ये तो वारला. अपवर्तनावरच्या त्याच्या कागदांचा अर्थ लागायला विसावं शतक अर्धं उलटावं लागलं.

स्नेल, देकार्त आणि आरोप

हॅरियट गेला त्याच वर्षी, १६२१च्या सुमारास, हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक विलेब्रॉर्ड स्नेल त्याच नियमापर्यंत पोचले. स्नेल मोजमापातला पक्का माणूस होता. त्रिकोणांच्या साखळीनं अंतर मोजून पृथ्वीचा घेर काढण्याचं काम त्यानं १६१७मध्ये प्रसिद्ध केलं होतं. अपवर्तनाचा नियम त्यानं लांबींच्या गुणोत्तरात मांडला, जवळपास इब्न सह्लच्याच त्रिकोणांत. दोघांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती. १६२६मध्ये स्नेल वारला. हस्तलिखित लायडनमध्ये राहिलं.

१६३७मध्ये त्याच लायडन शहरात रेने देकार्तचं पुस्तक छापून निघालं. 'मी विचार करतो म्हणून मी आहे' या वाक्यासाठी आपण ज्याला ओळखतो, त्या देकार्तनं आपल्या प्रसिद्ध 'पद्धतीवरील विवेचना'ला तीन निबंध जोडले होते. त्यातला एक प्रकाशाच्या अपवर्तनावर. त्यात साइनचा नियम पहिल्यांदा छापील रूपात जगासमोर आला. स्नेलचं नाव कुठेही नव्हतं.

पुढे आयझॅक व्हॉसियस आणि ख्रिस्तियान हायगेन्स या डच विद्वानांनी स्नेलचं हस्तलिखित पाहिलं आणि देकार्तनं ते पाहून उचललं असावं असा संशय बोलून दाखवला. देकार्त हॉलंडमध्ये राहत होता, लायडनमध्ये त्याच्या ओळखी होत्या, त्यामुळे संशयाला जागा होती. पण आज बहुतेक इतिहासकार मानतात की त्याला नियम स्वतंत्रपणे सापडला. वादाचा परिणाम मात्र टिकला. इंग्रजी परंपरेतली पुस्तकं, आणि म्हणून आपलीही, 'स्नेलचा नियम' म्हणतात. फ्रान्समधली मुलं अजूनही देकार्तचं नाव लावतात.

देकार्तच्या बाजूनं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्यानं नियम नुसता सांगितला नाही, कामाला लावला. पाण्याच्या एका थेंबात वेगवेगळ्या उंचीवर शिरणारे किरण घेऊन, प्रत्येकाचं अपवर्तन, आतल्या बाजूनं परावर्तन, पुन्हा अपवर्तन असा हिशोब त्यानं हातानं केला. आज आपण चार ओळींचा लूप लिहू, त्यानं पानं भरली. त्यातून दिसलं की बाहेर पडणारे किरण साधारण ४१-४२ अंशांपाशी गर्दी करतात. इंद्रधनुष्य आकाशात नेमकं त्याच कोनावर का दिसतं, याचं उत्तर मिळालं. इराणमध्ये कमालुद्दीन अल-फारिसी आणि जर्मनीत थिओडोरिक यांनी १३००च्या आसपास पाण्यानं भरलेले काचेचे गोळे वापरून थेंबातला किरणाचा मार्ग बरोबर ओळखला होता. पण नियम हाती नसल्यामुळे बेचाळीसच अंश का, याचा हिशोब त्यांना करता आला नव्हता.

पण का?

देकार्तचं स्पष्टीकरण मात्र विचित्र होतं. त्यानं प्रकाशाला टेनिसच्या चेंडूची उपमा दिली आणि निष्कर्ष काढला की पाण्यात प्रकाश हवेपेक्षा जास्त सहज, म्हणजे अधिक वेगानं जातो. तुलूझमध्ये न्यायाधिकारी असलेल्या पिएर द फर्माला हे पटेना. त्यानं हेरॉनची जुनी कल्पना बाहेर काढली आणि एक शब्द बदलला. प्रकाश सर्वांत आखूड वाट धरत नाही. सर्वांत कमी वेळाची धरतो.

कोकणात पावसाळ्यात हे पायांना कळतं. तुम्ही कोरड्या माळावर उभे आहात आणि चिखलणी केलेल्या खाचरात तिरक्या दिशेला कुणीतरी हाक मारतंय. सरळ रेषेत निघालात तर चिखलात फार चालावं लागेल. शहाणा माणूस माळावरून थोडं जास्त चालतो आणि चिखलातलं अंतर कमी करतो. काठावर त्याची वाट वाकते. पाणी म्हणजे प्रकाशाचा चिखल असेल, तर तो किती वाकेल? १६६२च्या सुरुवातीला फर्मानं हिशोब पुरा केला. त्याला वाटलं होतं की देकार्तपेक्षा वेगळं सूत्र येईल. आलं तेच सूत्र. साइनचं तेच गुणोत्तर.

म्हणजे दोन माणसं उलट टोकांवरून निघाली आणि एकाच दारात उभी राहिली. एक म्हणतो पाण्यात प्रकाश वेगवान, दुसरा म्हणतो मंद. आणि टाचण्यांच्या प्रयोगात दोघंही बरोबर. देकार्तच्या अनुयायांनी फर्माला टोचलं : प्रकाशाला आधीच कसं कळतं कोणती वाट कमी वेळाची? तो काय थांबून विचार करतो? प्रश्न बिनतोड होता. त्याला भौतिक उत्तर दिलं हायगेन्सनं, १६९०च्या पुस्तकात. लेझीम पथकाची एक आडवी रांग कडक मैदानावरून तिरकी वाळूत शिरतेय अशी कल्पना करा. ज्या टोकाचे पाय आधी वाळूत पडतात ते मंदावतात, दुसरं टोक त्याच वेगानं येत राहतं, आणि अख्खी रांग वळते. कुणी कसलाही विचार केलेला नसतो. प्रकाश लाट असेल आणि पाण्यात मंदावत असेल, तर वळणं आपोआप येतं.

पण न्यूटनचा कल कणांकडे होता, आणि कणांच्या हिशोबात प्रकाश पाण्यात वेगवानच यायला हवा होता. न्यूटनच्या नावाचं वजन मोठं. निकाल लागायला १८५० उजाडलं. पॅरिसमध्ये लेऑं फूकोनं गरगर फिरणाऱ्या आरशाच्या साहाय्यानं हवेतल्या आणि पाण्यातल्या प्रकाशाची शर्यत लावली. पाण्यातला प्रकाश मागे पडला. नियम छापून २१३ वर्षं झाल्यावर त्याचा अर्थ कळला : अपवर्तनांक म्हणजे प्रकाशाचा वेग किती पटीनं कमी होतो तो आकडा.

खिशातला नियम

विटेलोच्या तक्त्यात ज्याला जागा नव्हती, त्या पूर्ण आंतरिक परावर्तनाचं पुढे काय झालं हे तुमच्या हातातला फोन सांगतो. जिनिव्हात दानिएल कोलादॉंनं १८४१-४२मध्ये पाण्याच्या वाकत पडणाऱ्या धारेत प्रकाश कोंडून दाखवला. लंडनमध्ये जॉन टिंडलनं १८५४मध्ये तसाच प्रयोग केला आणि पुढची शंभरेक वर्षं श्रेय टिंडलला जात राहिलं. १९५४मध्ये पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॅरल्ड हॉपकिन्स यांनी काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा पाठवल्याचा लेख 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केला. शाळेत शिक्षकांनी प्रकाश सरळ रेषेतच जातो असं सांगितलं आणि आपल्याला ते पटलं नाही, अशी आठवण कपानी सांगत. त्याच अंकात आब्राहम व्हान हील यांचाही लेख होता. तंतूवर कमी अपवर्तनांकाचं वेष्टण घालायची कल्पना त्यात होती.

तरीही प्रकाश काही मीटरांत विझायचा. १९६६मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवलं की दोष परावर्तनाचा नाही, काचेतल्या अशुद्धीचा आहे. एका किलोमीटरनंतर एक टक्का प्रकाश जरी उरला तरी संदेशवहन जमेल. १९७०मध्ये कॉर्निंग कंपनीनं ती मर्यादा ओलांडली. आजच्या चांगल्या तंतूत एक टक्का प्रकाश उरायला सुमारे शंभर किलोमीटर जावं लागतं. काओ यांना २००९चं नोबेल मिळालं. कपानींना मिळालं नाही, आणि त्यावरही वाद झाला. श्रेयाची ही गोष्ट सतराव्या शतकात संपलेली नाही.

मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबल येऊन लागतात. त्यांतल्या काचेचा अपवर्तनांक साधारण १.४७ आहे, म्हणजे आत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन सरळ अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. जाऊन-येऊन किमान ७२ मिलिसेकंद. कितीही उत्तम कोड लिहा, कितीही महागडा सर्व्हर घ्या, या तंतूतून त्याखाली जाता येत नाही. गेम खेळताना 'पिंग' म्हणून जो आकडा कोपऱ्यात दिसतो, त्याच्या तळाशी इब्न सह्लच्या आकृतीतलं गुणोत्तर बसलेलं आहे.

मग नियम कुणाचा म्हणायचा? फोनवर येणाऱ्या मजकुराचं उत्तर ठरलेलं असतं : मूळ आमचंच, बाकीच्यांनी चोरलं. साइन आपल्याकडून गेली हे खरं आहे आणि सांगण्यासारखं आहे. पण त्यावरून अपवर्तनाचा नियमही आपला म्हणणं म्हणजे टॉलेमीसारखी आकड्यांना इस्त्री करणं झालं. दुसरीकडे, इब्न सह्लचं नाव पाठ्यपुस्तकात एका ओळीत यायला काहीच हरकत नाही. जे कागदावर आहे ते आहे.

पण चार जणांना चार वेळा हाच नियम शोधावा लागला, याचा हिशोब मला श्रेयापेक्षा महत्त्वाचा वाटतो. एकाची पानं दोन शहरांत विखुरली, एकानं भीतीपोटी वही मिटली, एकाला मरण लवकर आलं. स्वतःच्या लॅपटॉपवरच राहिलेल्या कोडची किंमत आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना माहीत असते. इथे किंमत होती सहाशे वर्षं. मधल्या काळात केप्लरसारखा माणूस खोट्या आकड्यांशी झगडत बसला, आणि इंद्रधनुष्याचा मार्ग ओळखणाऱ्यांना त्याचा कोन सापडला नाही. देकार्तनं कारण चुकीचं दिलं, कदाचित श्रेयाबाबतही तो सोवळा नसेल, पण त्यानं छापलं. म्हणून फर्माला भांडता आलं, हायगेन्सला सुधारता आलं आणि फूकोला निकाल लावता आला. टाचण्या लावणाऱ्या दहावीच्या मुलांना स्नेलचं नाव पाठ असू दे. सोबत टॉलेमीचा तक्ता देऊन एवढंच विचारावं : यातला कोणता आकडा मोजलेला आहे आणि कोणता बनवलेला, ओळखा. त्याला दोन नाही, पाच गुण ठेवावेत.